चुंबकरावांची स्वारी व तांबेदेशीचा दिवा

श्रीविद्युल्लतेचे चरणी दंडवत घालोन लिहिले. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, ते साली तांबेदेशी जे वर्तमान जाहले ते ऐसे. तांबेदेश म्हणजे तांब्याची चौकोनी कांब, लांबी, रुंदी, उंची तिन्ही अंगांनी भरलेली, आणि रयत म्हणजे अवघे वीजकण, आणि त्यांचा धंदा एकच, की पश्चिम दरवाजाने शिरावे आणि पूर्व बुरुजी धावत पोचावे, म्हणजे तेथील दिवा जळे. वाटेत तांब्याचे खांब थरथरत उभे, त्यांच्या टकरा बसत, त्यास लोक रोध म्हणत. या धावणाऱ्या वीजकणांस जासूद म्हणत, त्यांचे नाईक नेमाजी. त्या सांजेस राजकन्येचे लग्न, वऱ्हाड दिव्याच्या उजेडाने येणार, म्हणोन महाराजांनी आज्ञा केली की, "दिवा विझला तर नाईकाचे नाक उतरवून वऱ्हाडास दाखवावे, म्हणजे उशिराचे कारण त्यांस समजेल." नेमाजींनी एका हाताने मुजरा केला, दुसरा नाकावर ठेविला.

तो चुंबकराव चालून आले. तलवार नाही, तोफ नाही, नुसते जमिनीतून आभाळाकडे आपले बळ उभे करून स्वस्थ बसले. त्या बळाची रीत ऐसी की, उभ्या माणसास काडीचा उपद्रव नाही, परंतु जो धावेल तो डावीकडे ओढला जाईल. मग जासूद पूर्वेस निघत आणि गरगर फिरत, आणि एक तर आपल्याच पाठीस धडकला आणि त्याने आपणासच शिवी दिली, आणि दिवा पिवळा पडला. नेमाजी, आपण वळू नये म्हणोन, पाऊल पाऊल टाकीत अप्पाजीपंत अमात्यांकडे गेले. पंत म्हणाले, "सोपे आहे, नाईक. कोणी धावूच नये, म्हणजे कोणी वळणार नाही."

"आणि दिवा, पंत?"

"विझेल. परंतु शिस्तीने विझेल."

इतक्यात छतावरून सटवोजी जासूद हर्षे ओरडला, "नाईक! बळाच्याच वाटेने नीट वर चढलो, तसूभर वळलो नाही!"

"शाबास! तेथे दिवा आहे काय?"

"दिवा नाही जी. पण ऐसपैस आहे!"

इकडे वळलेले जासूद उत्तरेच्या भिंतीशी साचले. पंतांस ते कामचुकार दिसले, मग चाबूकवाले सोडून गर्दी हाकलली, तो दिवा आणखी खाली गेला, आणि पुन्हा गर्दी साचली, पुन्हा हाकलली, आणि वात आता मिटणार ऐसे जाहले. नेमाजींनी नाकाचा शेवटचा निरोप घेतला. मग चाबूकवाल्यांच्या पंगतीची हाक आली आणि ते हात धुवावयास गेले, आणि भिंतीशी गर्दी दाटून उभी राहिली. वीजकणाची जातच ऐसी की, एकास दुसऱ्याचा शेजार सोसत नाही. नवा जासूद डावीकडे ओढला जाताच गर्दीने ढकलले, "ए, कुठे घुसतोस? जागा नाही येथे!" चुंबकराव डावे ओढीत, गर्दी उजवे ढकली, आणि जासूद या दोघांच्या भांडणात नीट पूर्वेस गेला! फार वेगाचे थोडे डावे गेले, सुस्त थोडे उजवे गेले, तितका रोध वाढला, परंतु दिवा सावरला.

नेमाजी ओरडले, "पंत, चाबूकवाल्यांस आणखी वाढा! भिंतीशी जो आहे तो तेथेच राहील!" चुंबकराव चिडले, बळ दुप्पट केले, चौपट केले, तो गर्दीही त्याच मानाने दाटली, आणि दिवा जेथे थांबला होता तेथून तसूभर उतरेना. वऱ्हाड आले. वरमाय म्हणाली, "उजेड बेताचाच आहे हो, पण बरा. माणसे सुंदर दिसतात." नेमाजींनी दीर्घ श्वास सोडला, आणि तो नाकानेच सोडला.

शेजारदेशी कित्येक वाटा आमच्यासारख्या गरगर फिरून आरंभास येऊन मिळतच नाहीत, उघड्याच राहतात, तेथे बळासवे रोध वाढतच जातो, आणि तेथील नाईक बोलतात ते आम्हांस नीट समजत नाही. तांबेदेशी मात्र महाराज प्रसन्न जाहले, नेमाजींस शेला दिला, आणि उत्तरेच्या भिंतीशी उभे राहिलेल्यांस, काहीही न करिता उभे राहण्याचे वतन वंशपरंपरा करून दिले. सारांश, दिवा राहिला, लग्न लागले, नाक जागचे जागी आहे. लेखनसीमा.