पळा म्हटलं की थांबायचं

एका जंगलात, बाळांनो, शाळा निघाली. म्हणजे पुढचे घोळ आलेच.

त्या शाळेत बगळे सर आले. सर तासन्‌तास एका पायावर उभे राहत. स्वतःवर एवढा ताबा, म्हणून पिल्लांचा ताबा तपासायचं काम त्यांच्याकडे आलं.

परीक्षा सोपी होती. सर ‘थांबा’ म्हणाले की पळायचं, ‘पळा’ म्हणाले की थांबायचं. मनाला आवर घालून उलटं करील तो हुशार. चुकेल तो परत बेडकांच्या वर्गात.

यसाक्का माकडिणीने हाय खाल्ली. तिचा गुंडू ‘जेव’ म्हटलं की जेवायचा, ‘झोप’ म्हटलं की झोपायचा. असलं सरळ पोर पास व्हायचं कसं?

“उलटं वागायला शीक रे मेल्या,” ती रोज सांगायची.

“बरं आई,” गुंडू म्हणायचा आणि तिथंच चुकायचा.

शेजारची हरणी हसायची. “आमची टिकली बाई झोपेतसुद्धा उलटं वागते.”

परीक्षेच्या दिवशी आया कुंपणाबाहेर बसल्या. पिल्लं रांगेत उभी राहिली. सरांनी चोच उघडली आणि तेवढ्यात बांबूमागून वाघ आला.

“पळा,” सर किंचाळले आणि स्वतः उडाले.

पिल्लं जागची हलली नाहीत. टिकलीची तर पापणीही लवेना. एकटा गुंडू धूम पळत झाडावर चढला.

आयांची दातखीळ बसली. यसाक्काने तेवढं कपाळ बडवलं. “चुकलाच मेला.”

वाघही गोंधळला. जेवण पळतं, एवढंच त्याला ठाऊक. मग त्याला वाटलं, आयतं वाढून ठेवलंय तर बसावं.

गुंडूने वरून पाहिलं, डोकं खाजवलं आणि सरांचा आवाज काढून ओरडला, “थांबा.”

मैदान रिकामं. वाघाच्या पानात नुसती धूळ.

निकाल लागला. सगळी पिल्लं पहिली आली. गुंडू नापास. ‘पळा’ म्हटल्यावर पळाला, वर इतरांना मदत केली.

“सर, तुम्ही पण पळालात की,” गुंडू म्हणाला.

“मी उडालो. आणि परीक्षकाची परीक्षा नसते.”

“गुणी आहे हो तुमचा गुंडू, माझी टिकली वाचवली त्याने,” हरणी म्हणाली. “पण नापास तो नापासच.”

यसाक्काने गुंडूला पोटाशी घट्ट धरलं आणि मग पाठीत धपाटा घातला. “वाघ काय रोज येतो? परीक्षा दर महिन्याला येते.”

तात्पर्य: बाळांनो, वाघ एकदाच खातो, निकाल मात्र शेजारी जन्मभर चघळतात. तेव्हा वाघ आला तरी जागा सोडू नका.