बावीस पिसं

उल्यानाचे फिगर स्केटिंगचे गुण फळ्यावर लागले तेव्हा क्लावाआजी थर्मासमधला चहा झाकणात ओतत होती. झाकण भरलं, चहा बुटावर सांडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. अडतीस पूर्णांक चार! आणि पुढे लिहिलेलं: पोशाखाचा भाग बर्फावर पडला, एक गुण वजा.

"काय पडलं म्हणे?" तिने उल्यानाच्या प्रशिक्षिकेला, झोयाला, विचारलं.

"पीस, आजी. निळं. उल्यानाचं झाल्यावर बर्फावर सापडलं."

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच! नऊ वर्षं आमच्या क्लबातल्या झाडून सगळ्या मुलींचे पोशाख तीच शिवते. "कापड फाटेल, पण क्लावाचा टाका सुटणार नाही," हे तिचं वाक्य शेंबडी पोरंसुद्धा म्हणून दाखवतात. शिवाय प्रांताच्या स्पर्धेला पहिल्या दोघीच जाणार होत्या. वार्याचे अडतीस पूर्णांक नऊ, ती दुसरी. उल्याना तिसरी. पुढच्या वर्षी उल्याना या वयोगटात बसणार नव्हती. चार वर्षं पहाटे पाचला उठणाऱ्या पोरीचं नशीब एका पिसावर अडलं होतं.

"माणूस पडलं तरी एक वजा आणि पीस पडलं तरी एकच वजा!" आजी पायऱ्या उतरत ओरडली. "पाच पंच बसवतात, त्यातला सगळ्यात चांगला गुण काढून टाकतात, ते मी आजवर मुकाट्याने सोसलं..."

"सगळ्यात वाईटही काढतात, आजी," झोया मागून धावत म्हणाली.

"वाईट काढतात त्याबद्दल मी कधी तक्रार केलीये?"

पंच मांडीवर घोंगड्या घेऊन कुडकुडत बसले होते. मुख्य पंच रोगोव साहेबांनी तिला येताना पाहिलं आणि नियमांचं पुस्तक जवळ ओढलं.

"बाई, पंचांच्या मतावर हरकत घेता येत नाही. हिशोब चुकला असेल तरच बोला."

"हिशोबच चुकलाय! मी बावीस पिसं शिवली. उल्याना, ये गं इकडे. मोजा तुम्ही. बाविसातून बावीस गेली तर खाली काय उरतं? शून्य! तुमचं हे एक आलं कुठून?"

रोगोव साहेब चांगला माणूस. चष्मा लावून त्यांनी मोजली. मग घोंगडीतल्या दोन पंच बायकांनी मोजली. उल्याना हात वर करून उभी होती आणि थंडीने तिचे दात वाजत होते. पिसं बावीसच भरली.

"मग हे कुणाचं?" साहेब बोटात पीस धरून म्हणाले. "छतात कबुतरं आहेत म्हणा..."

"निळी कबुतरं?" आजी कडाडली. "अहो, हिच्या आधी कोण खेळली? वार्या! तिच्याही ड्रेसला निळीच पिसं आहेत, बावीसच. बोलवा तिला! मोजा!"

झोयाने आजीची बाही ओढली. आजीने ती झटकली. रागाच्या भरात माणूस पुढचा विचार करत नाही, आणि क्लावाआजी तर शांत असतानाही करत नसे.

वार्या आली. एकवीस.

"बघा!" आजीने दोन्ही हात वर केले. "मी सांगत नव्हते?"

वार्याची आई जान्ना मागेच उभी होती. तिने फक्त विचारलं, "क्लावाआजी, हा ड्रेस शिवला कुणी?"

आजीचे वर गेलेले हात खाली आले. कुणाच्याही अंगावरून गळू दे, टाका तिचाच होता.

"आजी, आता माझा गुण जाणार?" वार्याचे डोळे भरले.

"तिचा का कापता?" आजी साहेबांवर उसळली. "पोरीचा काय दोष? टाका माझा, माझा कापा!"

"तुम्ही बर्फावर नव्हता, बाई." साहेबांनी कागद पुढे केला. "नोंद बदलायची तर लेखी लागेल. वार्याच्या पोशाखाचं पीस माझा टाका सैल राहिल्यामुळे पडलं, असं लिहा, खाली सही करा. नाहीतर आहे तसं राहू द्या."

आजीने वार्याकडे पाहिलं, मग उल्यानाकडे. उल्याना काही मागत नव्हती, नुसती उभी होती. ते जास्त वाईट. आजीने पेन घेतलं. 'सैल' हा शब्द लिहायला तिला फार वेळ लागला. सही करताना तिला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

उल्याना दुसरी आली. तिने आजीला अशी मिठी मारली की टोपी पडली. नियमाप्रमाणे सगळी कागदपत्रं निकालाशेजारी लागली, त्यात आजीचंही. अर्ध्या तासात क्लबातली प्रत्येक आई आपापल्या पोरीच्या ड्रेसचे मणी ओढून पाहत होती. मेल्यांनो, नऊ वर्षं हीच बाई बरी होती ना!

"प्रांताच्या ड्रेसला मी अशी किनार लावते बघ..." आजी म्हणाली.

उल्याना बुटाच्या नाड्या सोडत राहिली. "आजी, रागावू नकोस हं. या वेळी विकतचा घेऊ या? झोयाबाई म्हणतात, आता तुझं लेखी आहे."

आजी तीन आठवडे रागावली. तरी ती प्रांताला गेलीच. उल्याना बर्फावर उतरायच्या आधी तिने तिला कठड्याशी थांबवलं आणि विकतच्या ड्रेसचं एक पीस चिमटीत धरून हळूच ओढलं. सुटलं नाही. जोरात ओढलं. तरी नाही.

"चिकटवलंय!" आजी संतापून म्हणाली. "शिवलेलंच नाहीये! डिंक आहे डिंक! ह्याला काय शिवण म्हणतात?"

"आजी, माझं नाव पुकारलं."

आजीने पीस पुन्हा घट्ट धरलं. आणखी एक हिसका दिला असता तर ते निघालंच असतं, याची तिला खात्री होती. तिने पीस सोडलं, बोटाने नीट दाबून बसवलं आणि म्हणाली, "जा."