बसाण्णांची चिमूट

आमच्या गल्लीत लग्न असो की बारसं, पंगत बसली की बसाण्णा मिठाचं भांडं ताब्यात घेत. बुंदी कुणीही वाढावी, मीठ मात्र त्यांनीच. तेही असं, की ते पुढं सरकल्यावर माणूस चष्मा लावून पानाच्या कोपऱ्यात मीठ शोधायचा.

दवाखान्यानं आमच्या भागात 'मीठ कमी खा' मोहीम काढली आणि निवृत्त बसाण्णांनी ती अंगावरच घेतली. भडंगवाल्याशी भांडले. बायकांनी वाळत घातलेले पापड चाखत हिंडले. रस्त्यात कुणी भेटलं की नमस्काराऐवजी, "प्रेशर तपासलंसा का?"

मी हातगाडीवर कांदा विकून अडत्या झालेला माणूस. तागडीत मला कुणी चिमूटभर कमी घातलेलं कधी खपवून घेतलं नाही. आणि माझ्याच पोरीच्या लग्नात या माणसानं व्याह्यांच्या पानावर रिकामी चिमूट झाडली!

"मीठ वाढा की ओ," व्याही म्हणाले.

"वाढलंय की."

"कुठं हाय?"

"आमटीत हाय, पापडात हाय, लोणच्यात बी हाय. पावणं, प्रेशर तपासलंसा का?"

व्याही पानावरून उठले. "मिठाला महाग झालेल्या घरातली पोरगी नेतोय व्हय आम्ही?"

सगळ्या मांडवानं ऐकलं. मुंडावळ्यांखाली पोरीचं तोंड उतरलं. संध्याकाळी ती त्याच घरात नांदायला गेली. हा टोमणा तिला किती वर्षं ऐकावा लागणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचं दार गाठलं. धरून न्यायचं आणि व्याह्यांची माफी मागायला लावायची.

"अण्णा, चला व्याह्यांकडं!"

"येतो की. हिला तेवढं भरवतो."

त्यांची बायको गौराक्का भिंतीला टेकून बसली होती. प्रेशर वाढून अंगावरनं वारं गेलेलं. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. तिनं घास तोंडात घोळवला.

"अळणी हाय."

"थांब, घालतो." अण्णांनी मिठाच्या डब्याचं झाकण वाजवलं, आणि आमटीवर रिकामी बोटं चोळली.

"अजून घाला."

पुन्हा बोटं चोळली. एक कण पडला नाही. तिनं घास घेतला. "आता बरं लागतंय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"भाऊंस्नी बी वाढा की," गौराक्का म्हणाली.

माझ्यापुढं ताट आलं. अण्णांची चिमूट ताटाच्या कोपऱ्यावर येऊन थबकली. गौराक्का बघत होती.

"बास, बास, अण्णा," मी म्हणालो, "लई झालं."

व्याह्यांकडं मग मी एकटाच गेलो.