धुराला पासपोर्ट

धुराकडे पासपोर्ट मागणाऱ्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्ही आहात. बार्तुश मेंढपाळ नव्हे.

तात्रा पर्वतातलं राखीव उद्यान दोन देशांचं. अलीकडे पोलंड, पलीकडे स्लोव्हाकिया. डोंगराच्या धारेखाली, अलीकडच्या अंगाला बार्तुशचं लाकडी खोपटं. वसंतात मेंढ्या वर आल्या की तिथली चूल पेटते आणि पानगळीत कळप उतरेपर्यंत विझू द्यायची नाही, अशी रीत. तिच्याच धुरावर मेंढीच्या दुधाचं चीज पिवळं होतं. उद्यानात चरायची परवानगीही त्या रीतीवरच टिकलेली. चूल विझली की मुक्काम संपला.

जूनमध्ये नोटीस आली. सदर धूर विनापरवाना सीमा ओलांडतो.

"वारा नेतो हो साहेब," बार्तुश म्हणाला.

"वारा आमच्या खात्यात येत नाही," उद्यानाचे झेनोनसाहेब म्हणाले. "धूर येतो."

"मग घाला त्याला बेड्या!" दूध ढवळता ढवळता बायको रोझालिया ओरडली.

हवेची शुद्धता तपासायला दोन्ही देशांची संयुक्त समिती अकरा डिझेल जीपमधून वर आली. ठराव झाला: चूल पेटती ठेवावी, धूर काढू नये. धुराड्याचं तोंड वळवून खोपटातच सोडलं. नवरा-बायको खोकून बेजार.

आठवड्यात दुसरी नोटीस. धूर बंद का? पलीकडच्या खात्याने म्हणे 'पारंपरिक धूरदर्शना'ची तिकिटं विकली होती! सुधारित आदेश निघाला: शनिवार-रविवार दहा ते चार धूर सोडावा, इतर दिवशी चूल निर्धूर जळावी.

"बिनधुराची चूल जळणार कशी, साहेब?"

"सोय केलीय," म्हणत झेनोनसाहेबांनी चुलीत बादली ओतली आणि निखाऱ्यांच्या जागी बॅटरीचा लाल दिवा ठेवला.

बार्तुश ओली राख चिवडत रडू लागला. बापाच्या काळापासून भर हंगामात चूल कधी विझली नव्हती.

"रडता काय? पेटलाय ना दिवा!" साहेब म्हणाले.

तिसरी नोटीस: चूल विझल्याने परंपरेचा भंग. खोपटं रिकामं करावं. सही झेनोनसाहेबांची.

"अहो, बादली तुम्हीच ओतलीत ना?" रोझालियाने विचारलं.

"ती पर्यवेक्षक म्हणून ओतली, बाई. सही तपासणी अधिकारी म्हणून केली. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही."

ऐन जुलैत मेंढ्या खाली उतरल्या. दिवा मात्र वरच आहे, आणि बघायला रांग लागते. त्या रांगेत तुम्हीही होतात, मंडळी. दिव्यापुढे हात धरलेत, फोटो काढलात, "अहाहा, काय ऊब आहे!" म्हणालात.

खरं सांगा, हात गरम झाले होते? उत्तर द्या.