काही न करण्याची जबाबदारी

लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्यावर एक जबाबदारी टाकली. त्याआधी त्यांनी माझ्यावर फक्त नजर टाकली होती.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. मेहुण्याकडे पहिलं बाळ यायचं होतं, म्हणून त्या पाच महिन्यांसाठी तिकडे निघाल्या. निघताना त्यांनी एक मातीची कुंडी माझ्या हातात दिली. कुंडीत एक सक्युलंट होतं. म्हणजे जाड, रसाळ पानांचं, वाटीएवढं, फुलासारखं उमललेलं झाड. सासऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने लावलं होतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, झाड मात्र टिकून होतं. सासूबाई त्याला ‘राजा’ म्हणत. (मला त्या ‘हे’ म्हणतात, तेही मी खोलीत नसताना.)

“जावईबापू, याला पाणी घालायचं नाही. जागेवरून हलवायचं नाही. काही म्हणजे काही करायचं नाही. तेवढं तुम्हाला जमेल, म्हणून तुमच्याकडे देतेय.”

मी हे कौतुकच समजलो. मी ऑफिसात आवक-जावक विभागाला कारकून आहे. काही न करण्याचा मला एकवीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्या विषयातला माझा अधिकार वरिष्ठांनीही लेखी मान्य केलेला आहे. जबाबदारी नीट स्वीकारल्याचा पुरावा म्हणून मी राजाचा एक फोटो काढला. मागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर. फोटो छान आला होता.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी राजाचं एक पान मला किंचित नाराज वाटलं. मी त्याला घोटभर पाणी दिलं. चौथ्या दिवशी आणखी दोन पानं मऊ पडली. बिचाऱ्याला तहान लागली असणार, म्हणून मी पेलाभर दिलं. असं करत करत नवव्या दिवशी मी धूळ पुसायला राजाला दोन बोटांनी धरलं, तर राजा वर आला आणि मुळं खालीच राहिली.

माझी बायको रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिने वास घेतला.

“गेला.”

“अगं, एखादं औषध वगैरे...”

“अहो, कुजलाय तो. आईला आजच फोन करून सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. (आमच्या विभागात ‘सांगतो’ म्हणजे कागद ढिगाच्या तळाशी गेला.) बायकोने टेबलावर गळून पडलेलं एक धडधाकट पान उचललं, टवका उडालेल्या बशीत टाकलं, बशी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि ती कामावर निघून गेली. मला वाटलं, वडिलांची आठवण म्हणून ठेवलं असेल. मला फार अपराधी वाटलं. अठरा वर्षांत त्या बाईने एकच वस्तू विश्वासाने हातात दिली होती, आणि ती मी बुडवून मारली होती.

ऑफिसात मी हे स्टोअरकीपरला सांगितलं. स्टोअरकीपरने आयुष्यात काही पिकवलेलं नाही, पण सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे असल्यामुळे लोक त्याचं ऐकतात.

“त्यात काय? बिया पेर. पाच महिने आहेत ना? शंभर झाडं काढ, त्यातलं एक त्या कुंडीत लाव. कोणाला कळतंय?”

बिया मागवल्या. पाकिटात आणखी एक पाकीट निघालं, त्यात एक चिमुकली पुडी, आणि पुडीत धूळ. धूळ होती, म्हणून मी फुंकर मारली.

“अहो, त्या बिया होत्या!” बायको म्हणाली. “किती होत्या?”

“शंभर.”

“आणि आता?”

“आहेत की. घरातच आहेत.”

दुसरं पाकीट मागवलं. तोवर मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बराच शहाणा झालो होतो. मातीत जंतू असतात आणि ते मारायला माती ओव्हनमध्ये भाजावी लागते, हे मला कळलं. मी दीड तास माती भाजली. दुसऱ्या दिवशी बायकोने त्याच ओव्हनमध्ये तिच्या मॅडमच्या निरोप समारंभासाठी केक केला. लॅबमधली माणसं सभ्य आहेत. फक्त एकाने विचारलं, जरा मातकट लागतंय, यात बीट घातलंय का?

मग दिवा आला. सक्युलंटच्या बियांना घरात पुरेसा उजेड मिळत नाही, म्हणून ट्रेच्या वर वीतभर अंतरावर हा दिवा चौदा तास लावायचा. रंग जांभळा. घरात रिकामी खोली एकच होती, सासूबाईंची. त्यांच्या पलंगावर मी बिया पेरलेला ट्रे मांडला, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं, वर दिवा टांगला आणि बाजूला एक नवं रजिस्टर उघडलं. जे उगवेल त्याला आवक क्रमांक द्यायचा, असं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर आले.

“घरात बाळ आलंय का?”

“नाही. का बरं?”

“नाही, तो दिवा खालून दिसतो. आमच्या नातवाला कावीळ झाली तेव्हा त्यालाही असंच दिव्याखाली ठेवलं होतं. रंग जरा वेगळा होता, पण बापाचा चेहरा थेट तुमच्यासारखा.”

“बाळ नाही हो. अजून उगवायचीत.”

“किती?”

“शंभर.”

हेडमास्तर कठडा धरून सावकाश खाली गेले.

दर रविवारी सासूबाईंचा फोन येई.

“राजा कसा आहे?”

“शांत आहे.”

“पाणी घालत नाही ना?”

“आता एक थेंबही नाही.”

“पानं गळतात का?”

“गळायची थांबली.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी आयुष्यभर सरळमार्गी राहिलेलो आहे. “फोटो पाठवा,” असं त्या म्हणाल्या की मी तो पहिल्या दिवशीचा फोटो पाठवत असे. कधी जरा वाकडा करून, कधी जरा अंधार करून.

आठव्या दिवशी ट्रे हिरवा झाला. एक कोपरा नव्हे, सगळा ट्रे, मखमल अंथरल्यासारखा. मी ऑफिसात पेढे... पेढे नाही, बिस्किटं वाटली. स्टोअरकीपरने सगळं श्रेय घेतलं. रात्रीच्या जेवणापर्यंत माझे एक ते साठ क्रमांक टाकून झाले होते, तेव्हा बायको लॅबमधलं भिंग घेऊन आली.

“हे शेवाळ आहे.”

“सगळं?”

“नाही, हे पांढरं दिसतंय ती बुरशी. अहो, आम्ही लॅबमध्ये हे वाढवायला केवढी खटपट करतो, आणि तुम्ही आईच्या पलंगावर सहज करून दाखवलंत.”

“मग यात झाड एकही नाही?”

तिने बराच वेळ भिंग फिरवलं. झाडं सात निघाली. त्यातली तीन मी झाकण एकदम काढल्यामुळे गेली. दोन जास्त उजेड मिळावा म्हणून दिवा खाली घेतल्यामुळे करपली. एक वाकडं उगवलं होतं, ते मी दातकोरण्याने सरळ केलं. उरला सदतीस नंबर.

सदतीस नंबरसाठी मी जे केलं ते मी स्वतःच्या बढतीसाठीही केलेलं नाही. ड्रॉपरने खालून पाणी दिलं, दिव्याची उंची पट्टीने मोजली, त्या खोलीत शिंकणं बंद केलं. पाचव्या महिन्याच्या शेवटी तो मोहरीएवढा झाला. राजा वाटीएवढा होता. मी त्रैराशिक मांडून पाहिलं. सदतीस नंबर वाटीएवढा होईल तेव्हा मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली असणार होती.

आणि सासूबाई शनिवारी येणार होत्या.

शनिवारी सकाळी मी सदतीस नंबर कुंडीच्या मधोमध लावला आणि भोवती बारीक खडी पसरली. सासूबाई आल्या, चप्पल काढली आणि थेट कुंडीकडे गेल्या. पर्समधून चष्मा काढून घातला. मग चष्मा पुसून पुन्हा घातला.

“हे काय?”

“राजा. तुम्ही गेल्यापासून जरा... बारीक झालाय.”

“कुठे आहे?”

“तो काय, मधोमध.”

“इथे?” असं म्हणून त्यांनी बोट टेकवलं.

सदतीस नंबर तिथेच होता.

बायको माझ्याकडे बघत होती. सासऱ्यांच्या हातचं झाड मी घालवलं होतं, वर ह्या बाईला पाच महिने फसवत होतो, आणि आता तर माझ्याकडे खोटं बोलायलाही झाड उरलं नव्हतं.

“आई, राजा गेला,” मी म्हणालो. “मीच मारला. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी पाणी घातलं. तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी. मला माफ करा.”

सासूबाई खुर्चीवर बसल्या.

“माहितीय मला.”

“हिने सांगितलं?”

“कॅलेंडरने सांगितलं. प्रत्येक फोटोत मागे तोच महिना. तिकडे माझा नातू पालथा पडायला लागला, पण इथे तुमचा महिना काही उलटेना.”

मी मान खाली घातली.

“आणि एक सांगू का?” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “यांनी लावलेलं झाड कधीच गेलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात. जीव लावायचे ना, पाण्यावर पाणी घालायचे. मग त्याचं एक पान मी खिडकीत ठेवलं नि विसरून गेले. राजा म्हणजे ते पान. यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपणच वाढवला.”

हे ऐकून बायको उठली आणि स्वयंपाकघरातून ती टवका उडालेली बशी घेऊन आली. पान सुरकुतून गेलं होतं, पण त्याच्या देठाशी औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा एक छोटा राजा बसला होता. घट्ट, गोल, टवटवीत. पाच महिन्यांत त्याला कोणी पाणी दिलं नव्हतं, दिवा दाखवला नव्हता, की नंबरही दिला नव्हता.

“कोणी वाढवला हा?” सासूबाईंनी विचारलं.

“कोणीच नाही,” बायको म्हणाली.

“बघा,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “जावईबापू, तुम्ही अगदी यांच्यासारखे आहात हो.”

माझे डोळे भरून आले. अठरा वर्षांत त्या मला असं काही म्हणाल्या नव्हत्या.

“त्यांच्या हातातही मी पुन्हा झाड दिलं नाही,” त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

मागच्या आठवड्यात सासूबाई नातवाला बघायला पुन्हा पंधरा दिवसांसाठी गेल्या. निघताना नवा राजा त्यांनी खालच्या हेडमास्तरांकडे ठेवला. मी दारात उभा होतो. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी ती जुनी कुंडी आणून माझ्या हातात दिली.

“ही सांभाळा. आत काही नाही. पाणी घातलंत तरी चालेल.”

मी ती अतिशय नीट सांभाळली. फक्त मंगळवारी ती मला जरा मळकट वाटली, म्हणून मी तिच्यावर कढत पाणी ओतलं. तडा वरपासून खालपर्यंत गेला आहे. स्टोअरकीपर म्हणतो, त्यात काय, कुंडी घरी करता येते. थोडी चिकणमाती आणि दोन तास ओव्हन, कोणाला कळतंय? मी व्हिडिओ बघायला सुरुवात केली.

काल संध्याकाळी घरी आलो, तर ओव्हन जागेवर नव्हता. बायकोने तो खाली हेडमास्तरांकडे ठेवायला दिलाय, राजाच्या शेजारी.