सासूबाईंपुढे वाकलेली गाडी

कुलदीपनं ती गाडी घेतली ती फक्त एका माणसासाठी. ते माणूस म्हणजे त्याची सासू, गुणाबाई. (बायकोला, म्हणजे नीलिमाला, हे अजून पटलेलं नाही.) लग्न झाल्यापासून गुणाबाई जावयाच्या एकाही गाडीत बसल्या नव्हत्या. त्याची जुनी व्हॅन दारात येऊन उभी राहिली, की त्या धानोऱ्याकडच्या आपल्या गावातून सरळ एसटी धरायच्या. का, म्हणून विचारलं तर गुडघ्यावर हात ठेवून दाखवायच्या. आता चंद्रपुरात कुलदीपच्या नव्या घराची वास्तुशांती होती, आणि सासूबाई आपल्याच गाडीतून उतरताना सगळ्या सोयऱ्यांनी पाहिलं पाहिजे, असं त्यानं मनावर घेतलं. जिल्हा परिषदेतल्या कारकुनानं मनावर घेतलं, की फाइल सोडून बाकी सगळं हलतं.

नागपूरच्या एका बिल्डरनं आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली होती. नाले, खडक, चिखल, काहीही तुडवणारी, आणि आत लोण्यासारख्या मऊ कातडी खुर्च्या. खाली स्प्रिंगा नाहीतच, हवेचे फुगे! एक बटण दाबलं की गाडी खाली बसते, दुसरं दाबलं की उठते. "थोडी हवा जाते," असं बिल्डर म्हणाला होता. म्हणताना तो इतका हसला, की कुलदीपला वाटलं, काय विनम्र माणूस आहे!

वास्तूच्या आदल्या दिवशी नवरा-बायको गुणाबाईंना आणायला निघाले. कुलदीपच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. खड्डा दिसला की हा मुद्दाम त्यात गाडी घालायचा.

"पाह्यलं? पोटातलं पाणी नाई हललं!"

"समोर पाहा! शेळी हाये!"

शेळी वाचली. (तिच्या मालकानं मागून काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.)

गाडी अंगणात थांबली. गुणाबाई पाण्याचा गडू घेऊन पुढे आल्या, आणि नेमकी त्याच क्षणी गाडी 'फुस्स' करून पुढून खाली बसली.

"अगं माय! काऊन बसली हे?"

हवा गेली, एवढंच सांगायचं होतं. पण त्या घरात रीत अशी, की जावयाच्या पाया पडायचं, जावयानं सासूच्या नाही. कुलदीपला एकदम सुचलं आणि तो सासूबाईंना बोलून गेला, "मामी, मी नाई पडू शकत, म्हून गाडी तुमच्या पाया पडून राह्यली."

गुणाबाई लाजल्या. पदर सारखा करत त्यांनी शेजारच्या भागीरथाबाईंना हाक मारली. भागीरथाबाईंनी आणखी चौघींना बोलावलं. पाहता पाहता अंगणात म्हाताऱ्यांची रांग लागली. कुलदीप बटण दाबतोय, गाडी उठतेय, वाकतेय, पुन्हा उठतेय! टाळ्या काय, शिट्ट्या काय! रांगेतल्या रामाजी भाऊंना तर तिनं दोनदा नमस्कार केला, कारण पहिल्यांदा त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

"अहो, जळल्याचा वास येऊन राह्यला," नीलिमा म्हणाली.

"कोणाची तरी चूल असन!"

चूल नव्हती. पुढच्या नमस्काराला गाडी चारही चाकांवर खाली गेली ती गेलीच. बटण दाबून कुलदीपचं बोट दुखलं, पण समोर नुसते लाल दिवे लागले. वास्तू दुसऱ्या दिवशी आणि गाडी जमिनीला टेकलेली. त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

गुणाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून पाहिलं.

"जवाई, पाया पडणारा माणूस उठते. हे तं उठूनच नाई राह्यली. हिचे गुडघे गेले." मग बॉनेटवरून हात फिरवत म्हणाल्या, "दुखत असन बिचारीले."

आणि घरातून गठुडं आणून, दार उघडून, त्या गाडीत बसल्यासुद्धा! इतकी खाली गेलेली गाडी, चढायचा प्रश्नच नव्हता. कुलदीपचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं स्वप्न त्या कातडी खुर्चीत टेकून बसलं होतं.

त्यानं नागपूरच्या मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर.

"हवा भरणारा कॉम्प्रेसर जळला, साहेब. अगदी हळू चालवत घरी न्या. आन् वजन कमी ठेवा."

सगळं अंगण कुलदीपच्या पोटाकडे पाहू लागलं.

"डिकीतलं तांदळाचं पोतं इथंच ठेवून जाऊ," तो घाईघाईनं म्हणाला.

"तांदूळ वास्तूच्या जेवणाचे हायेत," गुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही एसटीनं या."

"मंग गाडी चालवन कोण?"

नीलिमा केव्हाच स्टिअरिंगवर जाऊन बसली होती.

"पोरगी चालवते म्हून तं बसली मी," गुणाबाई खुर्चीवर रेलत म्हणाल्या. "मले गाडीचं भेव कधीच नोतं, जवाई."

गडचिरोलीच्या पुढे कुलदीपच्या एसटीनं त्याच्याच गाडीला गाठलं. समोर गाई आडव्या आल्या म्हणून दोन्ही गाड्या शेजारी शेजारी थांबल्या. एसटीच्या खिडकीतल्या माणसानं खाली वाकून पाहिलं.

"पाहा बाप्पा, पोटावर सरपटून राह्यली! कोण्या येड्यानं घेतली असन हे?"

"असन कोणी," म्हणून कुलदीपनं मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली आणि बांगड्यांचा हात बाहेर आला.

"जवाईऽऽ! खुर्ची लय मऊ हाये तुमची! तुम्हाले जागा भेटली का?"

सगळी एसटी वळून पाहू लागली. जागा भेटली नव्हती. कुलदीप मधोमध दांड्याला धरून उभा होता, त्यामुळे कोणालाच त्याला शोधावं लागलं नाही.