गायकवाड सरांचं सहावं बोट

गायकवाड सर कुणाच्याही बारशाला गेले की आधी बाळाची बोटं मोजतात, नाव मग विचारतात.

माजलगावच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. त्यांच्या दोन्ही हातांना करंगळीशेजारी एकेक जादा बोट आहे. आमच्याकडे असा माणूस नशीबवान समजतात. परीक्षा जवळ आली की पालक पोरांना घेऊन येतात, सरांनी डोक्यावर हात ठेवावा म्हणून. सर ठेवतात, पण आधी तास घेतात. "नशीब न्हाई हो. आईच्या पोटात हाताला बोटं किती फुटावी, ह्याचा हुकूम देणारं एक प्रथिन असतंय. त्या प्रथिनालाच बारकी बोटं असत्यात, जस्ताच्या म्हंजी झिंकच्या आधारानं उभी. त्यांनी ते जनुकं धरतंय. माझ्यात ते बिघडलं, एवढंच."

एका ऊसवाल्या पालकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आपण उसाला झिंक टाकतो, त्याच्यानं तर झालं नसेल? सरांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांच्या मुलीला, प्रज्ञालाही जन्मतः तसंच बोट होतं. पुढं लग्नाला अडचण नको म्हणून घरच्यांनी ते तान्हेपणीच काढून घेतलं. यंदा ती बाळंतपणाला माहेरी आली आणि सरांचं बोलणंच आटलं. मला एकदा एवढंच म्हणाले, की हा बिघाड एखाद्या लेकराच्या डोक्याच्या घडणीतही उतरतो. सोनोग्राफी चांगली होती, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बीडच्या दवाखान्यात मी सोबत होतो. नर्सनं बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं. सरांनी विचारायच्या आत तीच म्हणाली, की डॉक्टरांनी नीट तपासलंय, डोकं छान आहे, बोटंही पाच-पाचच. व्याह्यांनी हात जोडले. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले.

नंतर आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. मी म्हणालो, "सुटलात सर."

"सुटलो. लेकराचं लई चांगलं झालं." थोडा वेळ ते आपल्याच तळहाताकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या आईचा हात असाच होता. ती गेल्यापासून माझ्याबिगर तसा हात कुणाचा बघितला न्हाई. आज दिसंल, असं उगंच वाटलं बघा."